पाठवणीची सुपारी

६ एप्रिल २०२६, सावेडी, नगर

माझी बायको निकिता म्हणते, हल्ली तू एकटाच बडबडतोस, त्यापेक्षा लिहून काढ. एका औषध कंपनीची डायरी घरात पडून होती, ती माझ्यापुढे टाकून ती ऑफिसला गेली. आमच्या घराण्यात लिहायची परंपरा नाही. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर क्लॅरनेट वाजवलं, पण सही करताना त्यांची जीभ बाहेर यायची. मी साउंड सिस्टीमवाला. दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा आणि आपण मांडवामागे उभं राहायचं, हा माझा धंदा.

तर विषय असा. आमच्या कोल्हार गावच्या कलाकार मंडळानं ठरवलंय की दोन हजार एकवीस साली गेलेल्या वादकांच्या आठवणीत एक कार्यक्रम करायचा. मंडळ म्हणजे चार माणसं आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. त्यामुळे ठरवलं त्यांनी आणि करायचं मी. का, तर त्या साली आमच्या आण्णांचा बँडच्या बँड गेला. अजिनाथ मास्तर म्हणजे आण्णा, ढोलवाला बिभीषण, ट्रम्पेटवाला भिमाजी, साईड ड्रमवाला छगन, झांजवाला पुंजाराम. एका लाटेत सगळे. मागे राहिले ते खुळखुळेवाले सहादेवकाका. ते म्हणतात, मला न्यायचं इसरले.

आण्णा नगरला दवाखान्यात गेले आणि तिथूनच परस्पर अमरधामला. आम्हाला लांबून एक पांढरं गाठोडं दाखवलं. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या वराती वाजवल्या, त्याच्यापुढे एक साधा टाळसुद्धा वाजला नाही. आणि त्यांचं एकही रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. खरं सांगायचं तर कार्यक्रम-बिर्यक्रम राहू दे, मला त्यांचा आवाज एकदा ऐकायचाय.

१२ एप्रिल

कोल्हारला जाऊन आलो. राहुरीच्या पुढे रस्ता आणि खड्डे यांच्यातला वाद अजून मिटलेला नाही.

आई दारातच बसली होती. बोलताना मध्ये थांबावं लागतं तिला, इतका दम लागतो. हृदयाची झडप बदलावी लागेल असं नगरच्या डॉक्टरांनी सांगून दोन महिने झाले. उशीर केलात तर भरवसा नाही, हे मला बाहेर बोलावून सांगितलं. आईला मी हरतऱ्हेनं समजावलं. सावेडीला चल म्हटलं, नातवंडांत रमशील म्हटलं. तिचं एकच, की घराला कुलूप लागलं तर ह्यांना कळायचं कसं मी कुठं गेले. ह्यांना म्हणजे आण्णांना. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला पत्ता कळावा म्हणून ही बाई ऑपरेशन करत नाहीये. डोकं फोडून घ्यावंसं वाटतं.

कार्यक्रमाचं सांगितल्यावर मात्र खुलली. आण्णांची एक स्वतःची धून होती, पाठवणीची. नवरी गाडीत बसली की ते बाकीच्यांना हातानं थांबवायचे आणि एकटे वाजवायचे. दुसऱ्या कुठल्याही वेळी, कितीही आग्रह केला तरी नाही. आई हसत म्हणाली, “गावाच्या समद्या लेकी त्यांनी वाजवून सासरी धाडल्या. माझ्याच पाठवनीला राहिलं. नवरदेवानंच कसं वाजवावं?”

२४ एप्रिल

आज मला एक झकास कल्पना सुचली आणि ती लगेच अमलातही आणली.

आण्णांच्या बँडचा नियम होता. घरचं कार्य असलं तरी सुपारी हातावर पडल्याशिवाय वाजवायचं नाही. यजमानानं सुपारी ठेवायची, दिवस आणि ठिकाण तोंडानं सांगायचं, मास्तरनं ‘आलो’ म्हणायचं. मग जग इकडचं तिकडे होवो, बँड हजर. तर मी काय केलं, पाचही जणांचे मोठे फोटो करून आणले होते, ते आईच्या घरात खुर्च्यांवर मांडले. प्रत्येकापुढे हळदकुंकू लावून एकेक सुपारी ठेवली आणि रीतसर सांगितलं, येत्या रविवारी संध्याकाळी, नदीच्या घाटाजवळच्या पटांगणात. मोबाईलवर व्हिडिओ काढला. ग्रुपवर टाकल्यावर पंधरा मिनिटांत नमस्कारांचा पाऊस. आता स्टेजवर याच खुर्च्या, त्यांवर फोटो आणि प्रत्येकापुढे एक चालू माईक. लोक रडले पाहिजेत.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, सुपारी दिली म्हंजी ते येत्याल. मी म्हटलं, यायलाच पाहिजेत, बुकिंग झालंय. तिनं विचारलं, आणि मागचं कोण बघणार? मी सांगितलं, मिसळपाव सांगून ठेवलाय, काळजी नको. 

२७ एप्रिल

कार्यक्रम झाला. गर्दी चांगली. पाहुणे चार आणि भाषणं सात, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. शाल-श्रीफळ पाहुण्यांनाच पुरलं. घरच्यांना नुसत्या शाली दिल्या. बिभीषणची साळूबाई खुर्चीतल्या फोटोचा कोट झटकत होती. फोटोतला कोट. तेव्हा मात्र लोक खरंच रडले.

एक गोष्ट निकितालाही सांगितलेली नाही. दोन मिनिटं स्तब्धता होती तेव्हा मी मिक्सरवर होतो. खुर्च्यांपुढचे पाच माईक पाच चॅनलवर. पटांगण चिडीचूप, आणि त्या पाच चॅनलचे हिरवे दिवे हलत होते. वाऱ्यानं हलतात तसे नाही. एक लांब, दोन आखूड, मग सगळे मिळून. मी हेडफोन घातला. कानात काही नाही. काहीच नाही. अर्थिंगचा प्रॉब्लेम असणार, पटांगणातल्या खांबावरून लाईट घेतली होती.

घरी जाताना तीनचार म्हातारी माणसं हात हातात घेऊन म्हणाली, मधी ते जुनं वाजवलं ते लई झ्याक केलं. मी काहीच वाजवलं नव्हतं.

३० एप्रिल

राहुरीजवळ हळदीचा कार्यक्रम. फक्त डीजे, असं ठरलेलं. मुलीचा मामा दुपारी माझ्यावर तडकला, की बँड कुणाला विचारून आणला, आमच्या म्हातारीला वाटलं खर्च वाढला. मी म्हटलं, कुठला बँड? तो म्हणाला, आता चावडीवरनं तुमच्या टेम्पोच्या मागं आला त्यो. लाल कोटवाला.

मी टेम्पोच्या मागे जाऊन पाहिलं. उसाच्या चिपाडांचा ढीग आणि एक कुत्रं. कुत्रं रिकाम्या रस्त्याकडे बघत शेपूट हलवत होतं.

आज मिक्सरला मी एकच माईक जोडला होता. दिवे पाच चॅनलचे हलत होते. ज्या चॅनलला वायरच नाही त्याचा दिवा हलतो कसा, हे मला कुणी सांगावं. नवीन मिक्सर घ्यावा लागणार बहुतेक.

५ मे

चार दिवसांत तीन कार्यं आणि तिन्ही ठिकाणी तेच. नेवासा फाट्यावर एका आजोबांनी तर क्लॅरनेटवाल्याला द्या म्हणून माझ्याकडे विडा दिला. मी तो खिशात घालून घरी आणला आणि तसाच कपाटावर ठेवला. कुणाला द्यायचा?

आज सकाळी निकितानं विचारलं, पाणी भरताना कसली धून लावली होतीस, गोड होती. मी अंघोळ करत होतो. खालच्या जोशीकाकूंनीही विचारलं म्हणे, की तुमच्याकडे क्लास सुरू केलाय का. निकितानं गुणगुणून दाखवलं. बँड वरातीला निघताना आण्णा सूर लावून बघायचे, ते होतं. नेमकं ते. निकिता लग्न होऊन आली तेव्हा आण्णा वाजवत होते, पण तिनं वरात निघताना त्यांच्याजवळ उभं राहून ते कधी ऐकलं असणं शक्य नाही.

मी भित्रा नाही. पण भीतीपेक्षा मला राग आलाय. लोकांच्या लग्नातल्या म्हाताऱ्यांना ऐकू येतं, जोशीकाकूंना येतं, कुत्र्याला येतं. ज्याचे कान हाच धंदा आहे आणि ज्याचा तो बाप आहे, त्याला नाही. बाथरूमचा नळ सोडून बराच वेळ रडलो.

८ मे

सहादेवकाकांना गाठलं. कोल्हारला त्यांच्या वसाहतीच्या पाराजवळ बसले होते. सगळं सांगितलं. वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं, “नारळ कुनी दिला?”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. सुपारीनं बँड बांधला जातो आणि नारळानं सुटतो. वाजवून झालं की यजमानानं मास्तरच्या हातात नारळ द्यायचा, मास्तरनं तो कपाळाला लावायचा, तेव्हा कुठे कोटाची बटणं काढायची. तोवर यजमान जिथं जाईल तिथं त्याच्या मागं. एकदा लोणीच्या एका यजमानाला चक्कर येऊन दवाखान्यात नेलं, तर अख्खा बँड दवाखान्याच्या दारात कोट घालून बसून होता, असं काका म्हणाले. मी डीजेवाला. मला आजवर कुणी नारळ दिलेला नाही, मग मला कुठून माहीत असणार? आमचं काम वायरी गुंडाळल्या की संपतं. आणि कार्यक्रमातले नारळ तर पाहुणे घेऊन गेले.

मी विचारलं, मग मलाच का ऐकू येत नाही?

काका म्हणाले, “ज्यानं बँड लावला त्याला कधी ऐकाया येतो व्हय? त्याचं ध्यान पंगतीत, पाव्हन्यात. यजमान सोडून समद्यांसाठी असतोय बँड.”

१० मे

पाच नारळ घेऊन कोल्हारला गेलो. फोटो अजून आईच्याच घरात होते, तसेच खुर्च्यांवर. मिक्सर शेजारी मांडून चालू केला. वायर एकही जोडली नाही. पाच दिवे हलत होते.

पुंजारामपासून सुरुवात केली. फोटोपुढे नारळ ठेवला, हात जोडले, सुपारी उचलली. दिवा विझला. मग छगन, भिमाजी, बिभीषण. दर खेपेला एक. हे मी डोळ्यांनी पाहिलं, भर सकाळी, शुद्धीत.

आण्णांपुढे आल्यावर हात उचलेना. एकदा नारळ दिला की संपलं. मला न ऐकवताच जाणार. मी म्हटलं, आण्णा, एकदा, फक्त मला. दिवा हलत राहिला. कानात नदीकडच्या मोटारीचा आवाज, कावळे, आईचा श्वास. बाकी काही नाही. मागून आई म्हणाली, “बाळा, दमले असत्याल ते. किती दिस उभं करशील?” मग दिला.

दिवा विझल्यावर घर इतकं रिकामं झालं, की पाच वर्षांपूर्वीची ती दुपार परत आली. यावेळी गाठोडंसुद्धा नव्हतं.

पण देव एक दार बंद करतो तर खिडकी ठेवतो असं वाटायला जागा आहे. जेवताना आईनं आपणहून विचारलं, की तुझा सीझन कधी संपतो. मी सांगितलं, सतरा तारखेपासून अधिक महिना, मग लग्नं नाहीत, महिनाभर मी मोकळा. ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. मग म्हणाली, सविताला आणि दाजींना चोवीसला धोंड्याला बोलाव, जावयाला वाण द्यायचंय, तूही निकिताला अन् लेकरांना घेऊन ये. “धोंडं हू दे. मंग माझी ना न्हाई. जायचं तिकडं जाऊ.”

अखेर कबूल झाली. परत येताना खड्डेसुद्धा जाणवले नाहीत. डॉक्टरांना फोन करून सव्वीसची तारीख घेतली.

१४ मे

सीझनचं शेवटचं लग्न. कुणी काही ऐकलं नाही. कुणी विडा दिला नाही. मिक्सर एकदम सुतासारखा सरळ. माझं काम चोख झालं आणि मला दिवसभर चैन पडलं नाही.

१६ मे

कोल्हारला किराणा पोचवला. चौघांचे फोटो त्यांच्या घरचे येऊन घेऊन गेले. आण्णांचा भिंतीवर लागलाय आणि त्याखालच्या फळीवर एक सुपारी आहे. मी दिलेली नव्हे, ती मीच उचलली होती. ही चांगली टपोरी, हळदकुंकू लावलेली, आईच्या बोटाचा ठसा उमटलेली. मी उचलायला गेलो तर आईनं माझं मनगट धरलं. या वयात, या तब्येतीत, इतकी पकड. म्हणाली, “तुझी न्हाई ती. माझी हाय.”

असू दे. बायकांचं काही व्रत असतं अधिकात. मी वाद घातला नाही.

तिचा रंग मात्र सुधारलाय. अनारशाचं पीठ भिजत घातलंय. पेटीतली जुनी इरकल बाहेर काढून उन्हात टाकलीय, आण्णांचा लाल कोट झटकून खुंटीला लावलाय. विचारलं तर म्हणाली, पावनं येनार, घर बरं दिसाया पायजे. ऑपरेशनची पिशवी भरून ठेवतो म्हटलं, तर हसली. झडपेचं मनावर घेतल्यापासून तिला उभारी आली असं मी निकिताला सांगितलं.  निकिता म्हणाली, आपण चोवीसच्या ऐवजी उद्याच जाऊन राहू या का. मी म्हटलं, उगाच आईला कामाला लावू नकोस.

१९ मे

सहादेवकाकांना फोनवर सुपारीचं सहज सांगितलं.  ते म्हणाले, वैनीनं दिवस कोंचा सांगितलाय? मी म्हटलं, दिवस कसला, धोंड्याचं जेवण आहे चोवीसला, तुम्हीही या. ते म्हणाले, मला आधीच सांगनं आलंय.

२४ मे, कोल्हार, दुपार

जेवणं झाली. दाजींना तेहेतीस अनारशांचं वाण दिलं, त्यांनी लाजत लाजत घेतलं. सविता वर्षभराची गाऱ्हाणी एका बैठकीत सांगून मोकळी झाली. पुरणपोळ्या अशा झाल्या की मीही चार खाल्ल्या. आईनं सगळ्यांना वाढायला लावलं, स्वतः अर्धीच खाल्ली, पण आवडीनं. इरकल नेसलीय. सवितानं तिचे केस विंचरून दिले. मग तिनं एकेकाला जवळ बोलावून तोंडावरून हात फिरवला. मला म्हणाली, “तू लई केलंस. आता तुला फक्त बसून ऐकायचंय.” मला वाटलं, डॉक्टरांचं ऐकायचंय म्हणते. म्हटलं, हो, परवा सगळं ऐकू.

दम लागला म्हणून आत जाऊन पडलीय. म्हणाली, जरा डोळा लागू दे. सविता तिच्या पायाशी बसलीय. बाकीचे जिथं जागा मिळेल तिथं लवंडलेत. बाहेर ऊन असं की रस्त्यावर माणूस नाही.

मी ओट्यावर लिहीत बसलोय. समोर सहादेवकाका. जेवायला आले ते लाल कोट घालून, खुळखुळे मांडीवर. अधिकात कुठलं आलंय लग्न म्हणून मी चेष्टा केली, तर त्यांनी नुसती मान हलवली. आत खुंटीवर आण्णांचा कोट दिसत नाही. सवितानं आवरून ठेवला असेल.

थांब.

नदीच्या पुलाकडून काहीतरी येतंय. आज जिल्ह्यात कुठे मांडव नाही, मला तारखा पाठ आहेत. हा स्पीकर नाही. हा श्वास आहे. आधी क्लॅरनेटची ओली पत्ती जिभेनं दाबल्याचा बारीक आवाज, मग सूर लावून बघणं, एक लांब, दोन आखूड. आण्णा. हे आण्णा आहेत. मला ऐकू येतंय, स्वच्छ, माझ्या दोन्ही कानांनी. आणि आता ते सूर बघायचे थांबले. पाठवणीची धून सुरू केली. एकट्यानं, बाकी कुणी नाही, आमच्या गल्लीच्या दिशेनं चालत.

काका उठून उभे राहिलेत. कोटाचं वरचं बटण लावतायत. त्यांनाही ऐकू आलं असणार, कारण रडतायत.

पाच वर्षं वाट पाहिली मी या आवाजाची. आईलाही हेच हवं होतं. तिला उठवून सांगतो.